मोंगोडीबीच्या दारात मुंगूस: स्कीमा नेमका कुठे राखण करतो?

आजचा विषय मोंगूस. इंग्रजीतला हा शब्द आपल्या 'मुंगूस'वरूनच गेलाय, पण आज बोलायचंय ते नोड जेएसमधल्या त्याच नावाच्या लायब्ररीबद्दल. तुमचं अ‍ॅप आणि मोंगोडीबी यांच्या मधे ती उभी असते.

मोंगोडीबी हा डॉक्युमेंट डेटाबेस. इथे एसक्यूएलसारखे ठरलेले कॉलम नसतात. प्रत्येक नोंद म्हणजे जेसनसारखं एक डॉक्युमेंट, जास्तीत जास्त १६ एमबीचं. एकाच कलेक्शनमधल्या दोन डॉक्युमेंटची फील्ड्स वेगळी असली तरी तक्रार नाही. सुरुवातीला हे भारी वाटतं.

आता समजा, आपण डबेवाल्या काकूंसाठी ऑर्डरचं अ‍ॅप बनवतोय. एका ऑर्डरची रक्कम नंबर म्हणून सेव्ह झाली. दुसरीची कुणीतरी मराठी कीबोर्डवरून '१२०' अशी टाइप केली, ती स्ट्रिंग म्हणून गेली. मोंगोडीबीने दोन्ही घेतल्या. महिनाअखेरीला अ‍ॅग्रिगेशनमध्ये बेरीज केली की जे नंबर नाही ते ती गुपचूप सोडून देते. एरर नाही, काही नाही. हिशेबात १२० रुपये कमी, आणि काकूंना पत्ताच नाही.

मोंगूस इथे कामाला येतो. पायऱ्या तीनच. पहिली, अ‍ॅप सुरू होताना एकदाच कनेक्ट करायचं. दुसरी, स्कीमा लिहायचा: रक्कम नंबरच हवी, रिक्वायर्ड आहे, मिनिमम शून्य. तिसरी, स्कीमावरून मॉडेल बनवायचं. मॉडेलचं नाव 'ऑर्डर' ठेवलं तर कलेक्शन आपोआप 'ऑर्डर्स' होतं.

आता सेव्ह केलं की मोंगूस आधी कास्टिंग करतो, म्हणजे व्हॅल्यू ठरलेल्या टाइपमध्ये बदलून बघतो. इंग्रजी अंकांतली स्ट्रिंग असेल तर तिचा नंबर होतो. देवनागरी अंक मात्र जावास्क्रिप्टला नंबर म्हणून कळत नाहीत, त्यामुळे व्हॅलिडेशन एरर येते आणि चुकीची नोंद आत जातच नाही. याहून बरं म्हणजे स्कीमातच एक सेटर लिहा, जो देवनागरी अंक इंग्रजीत बदलेल. सेटर कास्टिंगच्या आधी चालतो, म्हणजे मराठीत टाइप करणाऱ्याचीही अडचण होत नाही.

पण थांबा, इथेच निर्धास्त होऊ नका. हा स्कीमा तुमच्या कोडमध्ये आहे, डेटाबेसमध्ये नाही. त्यामुळे तीन फटी राहतात.

एक: सेव्हला व्हॅलिडेटर चालतात, पण अपडेट-वनला ते डिफॉल्टने बंद असतात. रक्कम उणे पन्नास केली तरी चालून जाईल. म्हणून अपडेट करताना रन-व्हॅलिडेटर्स हा ऑप्शन ट्रू करा.

दोन: युनिक हा व्हॅलिडेटर नाहीच. तो मोंगोडीबीला इंडेक्स बनवायला सांगतो, एवढंच. एकच मोबाइल नंबर कलेक्शनमध्ये आधीच दोनदा असेल तर तो इंडेक्स बनणारच नाही, आणि डुप्लिकेट येतच राहतील.

तीन: कुणी कंपासमधून किंवा वेगळ्या स्क्रिप्टने थेट डेटाबेसमध्ये लिहिलं, तर मोंगूसला कळणारही नाही. त्यासाठी मोंगोडीबीचं स्वतःचं जेसन स्कीमा व्हॅलिडेशन आहे, ३.६ व्हर्जनपासून. ते कलेक्शनवरच लागतं, त्यामुळे लिहिणारा कुठूनही येवो, नियम तोच.

माझं मत सांगतो. पैसे, मोबाइल नंबर, पत्ता अशा फील्ड्सना दोन्हीकडे नियम लावा. मोंगूस वापरणाऱ्याला लगेच समजेल असा मेसेज देता येतो, आणि डेटाबेसचा नियम शेवटची कडी लावतो. बाकी फील्ड्सना मोंगूस पुरतो.

आज एक करून बघा: तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'अपडेट-वन' सर्च करा आणि किती ठिकाणी रन-व्हॅलिडेटर्स आहे ते मोजा. आकडा कमेंटमध्ये टाका. देवनागरीत टाकलात तरी चालेल, आपण सेटर लावलाय! भेटू पुढच्या भागात.