हिरवळीत छत्र्या उगवल्या? पंप खाली ठेवा!

झड लागून उघडीप पडली, की शाळेच्या मैदानात, ग्रामपंचायतीपुढच्या हिरवळीत एका रात्रीत पांढऱ्या छत्र्या उभ्या राहतात. शिपाई सांगत येतो, "भाऊसाहेब, लॉनवर रोग पडला!" मग बुरशीनाशकाचा डबा येतो, पाठीवर पंप चढतो. चार दिवसांनी छत्र्या पुन्हा हजर. पैसे मात्र खर्ची पडलेले.

वास्तविक हा गवताचा रोग नव्हेच. खरी बुरशी जमिनीत असते, पांढऱ्या दोऱ्यांच्या जाळ्यासारखी. छत्री हे तिचे फळ. आंबे उतरवले म्हणून झाड मरते का? तसेच हे. वरून मारलेले औषध खालच्या जाळ्यापर्यंत धड पोचत नाही.

ही बुरशी जगते गाडलेल्या लाकडावर, मेलेल्या मुळ्यांवर, अर्धवट कुजलेल्या शेणखतावर. तेव्हा जरा आठवून बघा. बाग करताना गुलमोहर तोडून बुंध्यावर मुरूम-माती लोटली होती का? शाळाखोली बांधताना सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे तिथेच गाडले गेले का? बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते. बुंधा, फळ्या खणून काढाव्यात. ते जमत नसेल तर लाकूड पुरते कुजेपर्यंत छत्र्या येत राहणार. मोठ्या बुंध्याला काही वर्षे लागतात. हिरवळीला पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यावे, पाणी साचू देऊ नये, खत पूर्ण कुजलेलेच टाकावे.

कुठे कुठे छत्र्या गोल रिंगणात येतात व तिथले गवत जास्तच हिरवेगार दिसते. बुरशी कुजवताना नत्र मोकळे करते, त्याचा हा गुण. पण जाळे दाट झाले की माती पाणी पीत नाही, गवत वाळू लागते. अशा जागी पहारीने वीतभर खोल भोके पाडून पाणी मुरवावे.

गवताचे एवढे काही बिघडत नाही. धोका पोरांना आहे. हिरवळीत येणारी एक मोठी पांढरी छत्री, वर तपकिरी खवले, खालच्या पाकळ्या जून झाल्यावर हिरवट, खाल्ली की काही तासांत जोराच्या उलट्या-जुलाब लागतात. वारुळावरची अळंबी ओळखणारी जाणती माणसेही इथे फसू शकतात. चांदीचे नाणे काळे पडले नाही, किड्यांनी खाल्ली, म्हणजे चांगली, या समजुतींत तथ्य नाही. शिजवल्यानेही विष जाईलच असे नाही. म्हणून शाळा भरण्याआधी, टोपी उमलण्यापूर्वीच, छत्र्या हातमोजा घालून उपटाव्यात व पोरे-गुरे पोचणार नाहीत अशा खड्ड्यात पुराव्यात.

पोराने खाल्लीच तर घरगुती इलाज करत बसू नये. 108 ला फोन करून थेट दवाखाना गाठावा. काही विषारी जातींत त्रास सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो, मधे बरे वाटते आणि आत यकृत निकामी होत असते. म्हणून "आता खेळतोय की" म्हणून थांबू नये. उरलेली छत्री कागदात गुंडाळून डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावी.