दोन दिवसांचं बर्लिन आणि डब्यातली कडक भाकरी

"ताई, बघितलं का स्टेटस? पोरगी शिकायला गेलीय का हिंडायला?"

आमच्या बचत गटाच्या खोलीत सोमवारी सकाळी हाच विषय. एकीकडे तव्यावर ज्वारीच्या भाकरी फुगताहेत, दुसरीकडे उखळात शेंगाची चटणी कुटली जातेय आणि मोबाइल या हातातून त्या हातात फिरतोय. गटातल्याच एका मैत्रिणीची लेक. जर्मनीत इंजिनिअरिंगचं पुढचं शिक्षण घेतेय. फोटोत ती बर्लिनच्या त्या प्रसिद्ध ब्रांडेनबुर्ग दरवाजापुढे हात पसरून हसत उभी होती.

तिची आई मात्र हसत नव्हती. बँकेचं शैक्षणिक कर्ज, त्यात जामीन राहिलेला दीर, वर नवऱ्याचं बोलणं. तिनं खाली मान घालून भाकरी थापली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आज मी तिचा फोन घेणार नाही."

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या वेळी मीही म्हणाले, "जरा दमानं घ्यायला हवं होतं पोरीनं." बायकांच्या हक्कांवर भाषणं देणारी मी! पण कर्ज काढून शिकणाऱ्या मुलीनं हसूसुद्धा हिशेबात हसावं, असं आपल्या मनात कुठंतरी बसलेलं असतंच.

आई चार दिवस फोन घेईना. शेवटी लेकीनं मला फोन केला. आवाज रडवेला. "मावशी, आईला एवढंच सांगा, घरचा एक रुपया खर्च केला नाही." आणि तिनं वहीतला हिशेब वाचून दाखवला. दोन दिवस, एक रात्र. होस्टेलमधली एक कॉट 24 युरो, एका म्युझियमचं विद्यार्थी तिकीट 7 युरो, चहा-फळं 6 युरो. एकूण 37 युरो. तेही शनिवार-रविवारी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी धुऊन साठवलेले. तिथं परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते. मार्च 2024 पूर्वी ती 120 दिवसांची होती.

"आणि रेल्वे?" मी विचारलं.

"ती फुकटातच पडली, मावशी." जर्मनीत मे 2023 पासून एक मासिक पास निघालाय. देशभरातल्या साध्या गाड्या, शहरातल्या बस, मेट्रो, ट्राम सगळीकडे तो चालतो. फक्त जलद गाड्यांना नाही. बऱ्याच विद्यापीठांत तो सेमिस्टरच्या फीमध्येच मिळतो, तसा हिलाही मिळालेला. तिच्या गावाहून साध्या गाडीनं बर्लिन दोन तासांवर. आपण सोलापूरहून पंढरपूर, अक्कलकोट करतो, तसंच की!

आणि जेवण? ते ऐकून मात्र माझा गळा दाटला. आईनं सुटकेसमध्ये भरून दिलेली कडक भाकरी तिनं जपून ठेवली होती. स्प्रे नदीच्या काठावर बाकावर बसून तिनं भाकरी मोडली, वर चटणी आणि थोडं तेल. शेजारी बसलेल्या एका मुलीनं विचारलं, हे बिस्कीट आहे का? ही म्हणाली, "नाही, हे माझं गाव आहे."

मग ती काय काय पाहिलं ते सांगत सुटली. 100 नंबरची साधी बस मुख्य ठिकाणांवरून जाते, तिच्या वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडली की वेगळी टूर बस नको. जर्मन संसदेवरचा काचेचा घुमट बघायला पैसे पडत नाहीत, मात्र आधी नाव नोंदवावं लागतं. लोक वर चढतात आणि खाली खासदारांचं सभागृह दिसतं. "मावशी, जनता वर आणि पुढारी खाली, गंमत आहे ना?" म्युझियममध्ये इजिप्तच्या नेफर्तिती राणीचा तीन हजार वर्षांहून जुना अर्धपुतळा पाहिला. तिथं फोटो काढू देत नाहीत, म्हणून पंधरा मिनिटं नुसती बघत उभी राहिली.

पण तिला सगळ्यात लागून राहिली ती भिंत. 13 ऑगस्ट 1961 ला पूर्व जर्मनीच्या सरकारनं एका रात्रीत शहराच्या मधोमध काटेरी तारा घातल्या, मग पक्की भिंत बांधली. बेर्नाउअर नावाच्या रस्त्यावर तर घरं पूर्व बर्लिनची आणि दारापुढचा फूटपाथ पश्चिम बर्लिनचा! सरकारनं दारं बंद केली, तेव्हा लोक खिडक्यांतून उड्या टाकू लागले. इडा झीकमान ही त्यातलीच एक. तिची बहीण थोड्याच अंतरावर, पण पलीकडच्या भागात राहायची. 22 ऑगस्टला इडानं आधी गाद्या-उशा खाली टाकल्या आणि मागोमाग उडी घेतली. ती वाचली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा एकोणसाठावा वाढदिवस होता. भिंतीपायी गेलेला तो पहिला जीव. पुढे 9 नोव्हेंबर 1989 ला भिंत उघडली, पण मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली.

"बहिणीकडे जायला बाईनं जीव दिला, मावशी. आणि माझी आई एक फोन घेत नाहीये."

यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेट्रोनं दहालेम भागात गेली. तिथं बघण्यासारखं काय? एक जुनी इमारत. आता तिथं विद्यापीठाचा राज्यशास्त्राचा विभाग आहे. पण 1920 च्या दशकाच्या अखेरीस आपल्या इरावती कर्वे याच संस्थेत संशोधन करत होत्या. जर्मनीला जाताना मी तिला 'युगान्त' दिलं होतं, ते तिनं खरंच वाचलं होतं!

इरावतीबाईंची गोष्ट मी नंतर पुन्हा नीट वाचून काढली. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे धोंडो केशव कर्वे त्यांचे सासरे. पण सुनेनं एवढ्या दूर जाणं तेव्हा त्यांनाही पसंत नव्हतं. नवरा दिनकर मात्र पाठीशी उभा राहिला. आणि पैसे? तेही कर्जाऊच. पुढे 1960 मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झालेल्या जीवराज मेहतांनी ते दिले होते. तिथं त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर. कवटीच्या ठेवणीत वंशाप्रमाणे फरक पडतो, या विचाराचे. इरावतीबाईंनी जवळपास दीडशे कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. गोऱ्या प्राध्यापकापुढे, परक्या देशात, विशीतली मराठी मुलगी! पुढे नाझी काळात या संस्थेनं जे पाप केलं, त्याची कबुली देणारा फलक आज त्या इमारतीच्या दाराशी आहे.

आमची पोरगी त्या दारात दहा मिनिटं उभी राहिली. तो फोटो मात्र तिनं स्टेटसला ठेवला नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी गटात गेले. आधी सगळ्यांसमोर माझी चूक कबूल केली, मग हिशेब वाचून दाखवला. 37 युरो ऐकून एक जण म्हणाली, "एवढ्यात तर आमच्याकडच्या लग्नाचा एक आहेरसुद्धा होत नाही." आई तवा पुसत होती. इडाच्या बहिणीचं ऐकून हात थांबला. भाकरीचं ऐकलं तेव्हा ती उठून बाहेर गेली. परत आली ती मोबाइल कानाला लावूनच. पहिलं वाक्य होतं, "भाकरी संपल्या का गं?"

लेकीच्या वडिलांना पटायला अजून थोडे दिवस लागले. शेवटी एकदा तेच म्हणाले, "पुढच्या वेळी जाताना सांगून जा म्हणावं. आम्हीपण नकाशात बघू." सांगून जायला हवं होतं, हे लेकीनंही कबूल केलं. रागावतील म्हणून लपवलं, आणि लपवलं म्हणूनच जास्त रागावले.

ज्यांची मुलं बाहेर शिकताहेत त्यांच्यासाठी काही गोष्टी. युरोपात आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याची पोळी नको. कडक भाकरी, शेंगाची चटणी, मेतकूट चालतं. नळाचं पाणी जर्मनीत पिता येतं, बाटली सोबत ठेवली की पैसे वाचतात. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून खाणं आदल्या दिवशीच घ्यायचं. विनातिकीट सापडलं तर 60 युरो दंड, कारण कोणी ऐकत नाही. अडचणीत 112 हा नंबर सगळ्या युरोपीय संघात चालतो. पासपोर्टची एक प्रत घरी ठेवा. आणि मुक्काम कुठं आहे, एवढा एक मेसेज आईला करायचाच, हे मुलांकडून कबूल करून घ्या.

पुस्तकातलं शिक्षण कर्ज काढून मिळतं हो. पण अनोळखी शहरात एकटीनं रस्ता शोधणं, आपल्या पैशात दोन दिवस भागवणं, एका पडक्या भिंतीसमोर उभं राहून आईची आठवण काढणं, हेही शिक्षणच की. आपल्यापैकी कितीजणींना ते विशीत मिळालं? मी स्वतः लग्नाआधी एकटी पुण्यालासुद्धा गेले नव्हते.

परवा गटातून जर्मनीला पार्सल गेलं. वरच्या बाजूला आईनं एक चिठ्ठी ठेवली आहे. मला वाचायला दिली नाही. फक्त म्हणाली, "दहा भाकरी जास्त घातल्यात. हिंडायला लागतील."