नातवंडांचे करिअर आणि आजी-आजोबा

रक्तदाब तपासून घेताना एका आजोबांनी मला विचारले, "डॉक्टर, नातू सातवीत आहे. कोडिंगचा क्लास लावला नाही, तर तो मागे पडेल का हो?" वाचकहो, हा प्रश्न कदाचित आपल्याही मनात असेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक टप्प्याआधीच कोडिंगचा समावेश सुचवला आहे. तसेच सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे काम शिकण्याची कल्पनाही आहे. म्हणजे केवळ संगणक पुरेसा नाही. आजचे सॉफ्टवेअर उद्या जुने होईल. नवे शिकण्याची तयारी, समजावून सांगण्याची हातोटी आणि शंका विचारण्याची सवय मात्र आयुष्यभर उपयोगी पडेल.

ही सवय आपण घरीच लावू शकता. नातवंडांना यूपीआय शिकवायला सांगा आणि प्रत्येक पायरीला 'असे का?' विचारा. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, हे समजावताना ती विचार करायला शिकतील. आपणही फसवणुकीपासून सावध राहाल.

पथ्य एवढेच, की क्लासपायी झोप कमी होऊ देऊ नका. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास, त्याहून लहान शाळकरी मुलांना ९ ते १२ तास झोप हवी. पडद्यासमोर दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद पाहावे आणि दिवसाउजेडी मैदानावर खेळावे.

त्या आजोबांची गोळी मी बदलली नाही. "रोज अर्धा तास नातवाचे विद्यार्थी व्हा," एवढेच सांगितले.