संशोधनाच्या वाटा – भाग ९ : खुनी नदी, बंगालचा उपसागर आणि तुमचा फेलोशिपचा अर्ज

या आठवड्याचा विषय आहे समुद्र आणि माणसाचं आरोग्य, आणि त्यावर पीएच.डी. करायला पैसा कुठून मिळतो. मथळ्यातला ‘उपसागर’ वाचून केळापूर तालुक्यातले काही विद्यार्थी पान उलटतील, म्हणून आधीच सांगतो की हा भाग मी त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

पांढरकवड्यातून वाहणारी खुनी नदी पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. मग मेडिगड्डा, त्याच्या खूप खाली धवलेश्वरमचा जुना बंधारा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. पाटणबोरीच्या शिवारात कपाशीला युरिया दिला आणि दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, तर पिकाने न घेतलेलं नत्र याच वाटेला लागतं. वाटेत त्यातलं किती नाहीसं होतं आणि किती समुद्रापर्यंत पोचतं, हा खराखुरा वैज्ञानिक प्रश्न आहे. त्या प्रश्नाच्या उगमाशी राहणारा विद्यार्थी अर्ज करताना मागे नसतो, पुढे असतो. त्याला फक्त ते नीट मांडता आलं पाहिजे.

आधी विषय समजून घेऊ. समुद्र आणि आरोग्य यांचा संबंध सर्वांत ठळकपणे दिसला तो कॉलऱ्यात. रिटा कोलवेल या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की कॉलऱ्याचा जंतू खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात एरवीही राहतो आणि कोपेपॉड नावाच्या अगदी बारीक प्राण्यांच्या अंगावर चिकटून असतो. हे प्राणी कापडातून गाळता येतात. म्हणून त्यांच्या गटाने बांगलादेशातल्या मतलब भागातल्या ६५ गावांत बायकांना जुनी सुती साडी किमान चार पदरी घडी करून त्यातून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॉलऱ्याचे रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले होते. जुनं लुगडं इथल्या कुठल्या घरात नाही? पण त्या लुगड्यामागे समुद्री प्लवकांचा कित्येक वर्षांचा अभ्यास उभा होता.

दुसरी बाजू औषधांची. रक्ताच्या कर्करोगावर दिलं जाणारं सायटाराबिन हे औषध कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात १९५० च्या दशकात सापडलेल्या रेणूंच्या आधारे घडलं आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. विषारी शैवालं वाढली की ती खाल्लेल्या शिंपल्यांतून माणसाला विषबाधा होते, तोही याच विषयाचा भाग.

आपल्यासाठी मात्र सर्वांत जवळचा धागा ऑक्सिजनचा आहे. समुद्रात नत्र जास्त गेलं की शैवाल माजतं, मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात ऑक्सिजन संपण्याची स्थिती तीव्र होते आहे. बंगालच्या उपसागराबद्दल २०१७ मध्ये आणखी एक निरीक्षण आलं, त्यातही याच संस्थेचा सहभाग होता. तिथे एका थरात ऑक्सिजन जवळजवळ संपला आहे, पण अगदी सूक्ष्म अंश अजून शिल्लक आहे, आणि तेवढ्यावर तिथलं नत्रचक्र वेगळ्या दिशेला जाण्यापासून थांबलेलं आहे. नद्यांमधून जास्त पोषकद्रव्यं आली तर तो अंशही संपू शकतो. त्या समुद्रावर मासेमारी करून जगणारी माणसं कोट्यवधी आहेत. गोदावरीच्या पाण्यात काय येतं, हा त्यांच्या ताटाचा प्रश्न आहे.

आता पैशाकडे वळू. अमेरिकेत २००४ साली समुद्र आणि मानवी आरोग्य या नावाचाच कायदा झाला. त्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने आणि पर्यावरण-आरोग्य संस्थेने मिळून या विषयाची चार केंद्रं विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत सुरू केली. हवामान आणि समुद्र पाहणाऱ्या ‘नोआ’ या खात्याने आपल्या बाजूने पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रशिक्षणासाठी निधी दिला. आपल्याकडे या नावाचा एकच दरवाजा नाही. विद्यार्थी इंटरनेटवर नेमकं तेच नाव शोधतात, काही सापडत नाही आणि विषय सोडून देतात. दरवाजे आहेत, पण त्यांच्यावरच्या पाट्या वेगळ्या आहेत.

मुख्य दरवाजा सीएसआयआर-यूजीसी नेटचा. त्यातल्या पाच विषयांपैकी दोन इथे उपयोगी पडतात. एक जीवशास्त्र. दुसरा भू, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्रित विषय. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी यूजीसी-नेटमध्ये पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, त्यातूनही जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळते. सीएसआयआरची परीक्षा वर्षातून दोनदा असते. पहिली दोन वर्षं जेआरएफ म्हणून महिना ३७,००० रुपये, पुढची तीन वर्षं एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, म्हणून महिना ४२,०००. घरभाडं सोडून पाच वर्षांचे २४ लाख रुपये होतात. घरून एक रुपया न मागता पीएच.डी. करता येते, हे घरच्यांना आकडे मांडून सांगा. शिक्षण थांबवून नोकरी धर, असं म्हणणाऱ्या बापाला पटावं असा हा आकडा आहे.

जेआरएफ मिळाली की संस्था निवडायची. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली. मुख्यालय गोव्यात दोना पावलाला, केंद्रं मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला. विशाखापट्टणम केंद्राने गोदावरीच्या मुखाचा अभ्यास केला आहे, म्हणून आपल्या मुलामुलींनी हे नाव विशेष लक्षात ठेवावं. चेन्नईचं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र किनाऱ्याच्या पाण्याची प्रत तपासतं. आणि हैदराबादची ‘इन्कॉइस’. मच्छीमारांना मासे कुठे मिळतील हे सांगणारी, २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारी ही संस्था समुद्रापासून खूप आत आहे. पांढरकवड्याहून ज्या महामार्गाने ट्रक आदिलाबादकडे जातात, त्याच महामार्गावर पुढे हैदराबाद आहे. तिथल्या प्रशिक्षण केंद्रात समुद्रशास्त्राचे छोटे अभ्यासक्रमही होतात. समुद्राचा अभ्यास करायला समुद्रकाठी जन्मावं लागत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

एम.एस्सी. अजून सुरू असेल तर आधी उन्हाळ्याचा विचार करा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीकडून, इतर दोन राष्ट्रीय अकादम्यांसह, विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन फेलोशिप दिली जाते. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायला मिळतं आणि विद्यावेतनही मिळतं. अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर निघतात, तेव्हा आपल्याकडे कापूस वेचणी ऐन भरात असते. दरवर्षी तारीख हुकते ती याच कारणाने. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर आतापासूनच खूण करून ठेवा.

अर्जाच्या मजकुरावर मला सर्वांत जास्त लिहायचं आहे, कारण अर्ज नाकारला जातो तो बहुतेक वेळा इथेच. पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याने व्यापला आहे, या वाक्याने सुरुवात करू नका. ते वाक्य समितीने शेकडो वेळा वाचलेलं असतं आणि त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. तसंच, ‘केळापूरच्या कीटकनाशकांमुळे बंगालचा उपसागर विषारी होतो आहे’ असंही लिहू नका. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, ते दुःख खरं आहे. पण अनेक कीटकनाशकं ऊन, माती आणि जंतूंमुळे वाटेतच विघटित होतात. शेकडो किलोमीटर खाली किती पोचतं, हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. समितीतला एकजण तरी रसायनशास्त्रज्ञ असतो आणि तो नेमकं तिथेच बोट ठेवतो.

त्याऐवजी प्रश्न लहान करा. समजा, तुम्ही असं लिहिलंत: मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर खुनी नदीतून पैनगंगेत किती नायट्रेट जातं, आणि पैनगंगा वर्धेला मिळेपर्यंत त्यातलं किती उरतं? आता हा प्रश्न मोजता येतो. तीन ठिकाणं ठरवता येतात: पांढरकवड्याच्या वर, खुनी-पैनगंगा संगमाच्या खाली, आणि वर्धेच्या संगमाआधी. पावसाआधी, पहिल्या पुरानंतर आणि सप्टेंबरच्या अखेरीस नमुने घेता येतात. स्पेक्ट्रोफोटोमीटर बऱ्याच विज्ञान महाविद्यालयांत असतो. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलरच्या पद्धतीने मोजता येतो, आणि ही पद्धत पर्यावरणशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत शिकवतात. बाटली पाण्याखाली भरायची, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, नदीकाठीच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड टाकून ऑक्सिजन बांधून ठेवायचा, मग प्रयोगशाळेत थायोसल्फेटने टायट्रेशन. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ही पद्धत दिली आणि आजही समुद्रातल्या संशोधन-जहाजांच्या प्रयोगशाळांत याच पद्धतीने ऑक्सिजन मोजतात. म्हणजे खुनी नदीच्या काठावर तुम्ही जे कराल, तेच काम जहाजावर करायचं आहे. अर्जात हे लिहा. ‘मी विंकलर पद्धतीने स्वतः ऑक्सिजन मोजला आहे’ हे एक वाक्य समुद्राबद्दलच्या प्रेमाच्या पानभर मजकुरापेक्षा जास्त वजन धरतं.

आरोग्याचा भागही इथेच जोडता येतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, कारण त्यापलीकडे तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. म्हणजे एकच नायट्रेट वरच्या टोकाला बाळाच्या बाटलीत आणि खालच्या टोकाला मासळीच्या समुद्रात. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांनी फ्लोराइडचं पाणी पिऊन दात आणि हाडं गमावली आहेत. पाणी आणि आरोग्य यांचा संबंध आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही, पण आपण तो आपल्या अर्जातून वगळतो, आणि हे मला फार खटकतं.

नेट निघाली नाही तर? अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप आहे. वर्षाला ७५० जागा असतात आणि निवड पदव्युत्तर गुणांवर होते. परदेशी जायचं असेल तर त्याच मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या वर्षाला २० जागांपैकी ३ आदिम जमातींसाठी राखीव असतात, आणि कोलाम त्यात येतात. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा सहा लाख आहे. आपल्या तालुक्यातल्या कोलाम पोडांवरून या तीन जागांसाठी अर्ज गेले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. चौकशी पांढरकवड्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी बार्टी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी. या सगळ्यांच्या पीएच.डी. फेलोशिप आहेत, मात्र एका वेळी एकच घेता येते.

कागदपत्रांबद्दल एवढंच सांगतो की जात वैधता प्रमाणपत्राला सर्वांत जास्त वेळ लागतो, म्हणून ते एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी मिळवा. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून मिळतो, पण तो ताजा लागतो, म्हणून तो शेवटी काढा. नेमक्या अटी दरवर्षी बदलतात. जाहिरात मुळातून वाचा, व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका.

आणि गाईडला पत्र. शास्त्रज्ञांना ईमेल करायला आपली मुलं घाबरतात, किंवा एकच मजकूर चाळीस जणांना पाठवतात. दोन्ही करू नका. ज्यांचं काम वाचलंय अशा एकाच व्यक्तीला लिहा. पहिल्या ओळीत तुम्ही कोण, कुठले. दुसरीत त्यांच्या कोणत्या शोधनिबंधात काय वाचलं आणि त्यावरून काय प्रश्न पडला. तिसरीत तुम्ही आतापर्यंत काय मोजलं आहे. शेवटी विचारा की डिझर्टेशनसाठी जागा आहे का. इंग्रजी साधं असू द्या, चुका एका शिक्षकाकडून तपासून घ्या. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करून द्या, मग दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे वळा.

पुढच्या आठवड्यात विंकलर पद्धतीचं पूर्ण प्रात्यक्षिक देतो, लागणाऱ्या रसायनांच्या यादीसह. पावसाळा सुरू व्हायच्या आधीचा पहिला नमुना ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी झाकणाच्या काचेच्या बाटल्या आताच महाविद्यालयाकडून मागून ठेवाव्यात.