उत्पन्नाचा आकडा आणि वरिष्ठांचे दालन

'महसूल' म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सात-बाराचा उतारा उभा राहतो. उद्योगजगतात मात्र या शब्दाने विक्रीचे उत्पन्न अभिप्रेत असते. ते मोजणे, जुळविणे आणि त्याचा अंदाज बांधणे या कार्यास 'रेव्हेन्यू ऑपरेशन्स' असे म्हणतात. या विभागाच्या प्रमुखाची खरी कसोटी वरिष्ठांच्या दालनात लागते.

एकाच महिन्याच्या विक्रीचे चार आकडे असू शकतात. विक्री विभाग हाती आलेल्या मागण्या मोजतो, गोदाम रवाना झालेला माल मोजते, लेखा विभाग बीजके मोजतो, तर वसुली विभाग जमा रक्कम. चौघेही खरेच बोलत असतात. परंतु बैठकीचा निम्मा वेळ वादात जातो. म्हणून 'विक्री' कशास म्हणावे, हे सर्वांच्या संमतीने आधी ठरविणे, हे या प्रमुखाचे पहिले कर्तव्य होय. 1 एप्रिल 2018 पासून अमलात आलेले 'इंड एएस 115' हे लेखामानकही हेच सांगते : वस्तू वा सेवेवरील नियंत्रण ग्राहकाकडे गेल्यावरच उत्पन्न नोंदवावे.

त्यानंतर येतो संवाद. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यास वाढीचा वेग हवा असतो, वित्तप्रमुखास रोकड केव्हा येईल याची चिंता असते, विक्रीप्रमुखाचे लक्ष उद्दिष्टाकडे असते. प्रत्येकाच्या प्रश्नास उत्तर द्यावे, पण आकडा मात्र एकच ठेवावा. निश्चित, संभाव्य आणि केवळ आशा, असे तीन रकाने स्वतंत्र ठेवावेत. अप्रिय वार्ता तिमाही संपल्यावर नव्हे, तर उपाय हाती असतानाच सांगावी.

हा विषय लहान उद्योजकांनाही परका नाही. नायक समितीच्या सूत्रानुसार सूक्ष्म व लघुउद्योगांचे 5 कोटी रुपयांपर्यंतचे खेळते भांडवल अंदाजित वार्षिक उलाढालीवरून ठरते. 1 कोटीच्या उलाढालीस 25 लाखांची गरज गृहीत धरली जाते. त्यापैकी 20 लाख बँक देते, 5 लाख उद्योजकाने घालावयाचे असतात. अंदाज फुगविला तर कर्जही फुगते; व्याज मात्र प्रत्यक्ष विक्रीतूनच फेडावे लागते.

आकडा वरिष्ठांच्या इच्छेनुसार वाकला की काय होते, हे 'सत्यम'ने दाखविले. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्राद्वारे कबुली दिली : एका तिमाहीचे उत्पन्न 2,700 कोटी दाखविले होते, प्रत्यक्षात ते 2,112 कोटी होते. नफ्याचा आकडा 649 कोटींचा, खरा केवळ 61 कोटींचा.

सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार सूचीबद्ध कंपन्यांचे मुख्य कार्यकारी आणि वित्तप्रमुख वित्तीय विवरणांच्या खरेपणाविषयी संचालक मंडळास प्रमाणपत्र देतात. त्या स्वाक्षरीमागे आकडे पुरविणाऱ्याचा प्रामाणिकपणा उभा असतो. मोठ्या कंपनीत त्याला अधिकारपद असते, छोट्या कारखान्यात तो केवळ हिशेबनीस असतो. 'साहेब, एवढी विक्री होणार नाही,' हे वेळेवर सांगण्याचे धैर्य दोघांनाही लागते. आणि ते शांतपणे ऐकून घेण्याचे मोठेपण साहेबांना.