रनिंगचा आकडा आणि इंजिनाचे खरे वय

जुनी छोटी गाडी विकायला निघाली की लाखांदूरपासून नागपूरपर्यंत पहिला प्रश्न एकच असतो: रनिंग किती? ४० हजार म्हटले की गिऱ्हाईक ठाण मांडून बसते, २ लाख म्हटले की चहा संपवून उठते. किमतीचा सगळा व्यवहार या एका आकड्याभोवती होतो, आणि म्हणूनच तो आकडा मागे फिरवून देणारेही भेटतात. पण ओडोमीटर मोजतो ते चाकांचे फेरे. इंजिनाच्या आत धातू किती झिजला, हे कळायला त्याच्याकडे काहीच साधन नाही. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावात गाडी किती चालली यापेक्षा ती कशी चालली, किती वेळा पुरती तापण्याआधीच बंद झाली आणि हवेबरोबर काय काय ओढून घेत राहिली, यावर तिचे उरलेले आयुष्य ठरते. देखभालीचे लक्ष आणि पैसाही त्याच हिशेबाने वाटायला हवा, असे मला वाटते.

अंतर वाढले की झीज वाढते ही समजूत काही निराधार नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडलेले झिजेचे सूत्र नेमके हेच सांगते: एकमेकांवर घासणाऱ्या दोन पृष्ठभागांची झीज त्यांच्यावरचा भार आणि घासण्याचे अंतर यांच्या प्रमाणात वाढते, आणि पदार्थ जितका कठीण तितकी ती कमी होते. अंतर दुप्पट, झीज दुप्पट. गाडीबाजारातला हिशेब नकळत याच सूत्रावर चालतो. मात्र सूत्राला एक अट आहे. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असले पाहिजेत. आणि तापलेल्या, ठीकठाक चालणाऱ्या इंजिनात सर्वाधिक भार सोसणारे भाग, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि तिची बेअरिंगे, बहुतेक वेळ एकमेकांना टेकतच नाहीत.

याचा शोध रेल्वेच्या कृपेने लागला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. वरून तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर आस फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. भोकात बूच ठोकले, तेही बाहेर फेकले गेले. शेवटी दाबमापक लावला, तेव्हा आत बेअरिंगवरच्या सरासरी भारापेक्षा कितीतरी जास्त दाब निघाला. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. फिरणारा दांडा चिकट तेलाला आपल्याबरोबर अरुंद फटीत ओढत नेतो, तिथे दाब तयार होतो आणि दांडा तेलावर अक्षरशः तरंगतो. हा तेलाचा थर काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. पण तो आहे तोवर धातूला धातू लागत नाही. महामार्गावर ७० च्या वेगाने तासभर धावणाऱ्या गाडीच्या बेअरिंगांना ते ७० किलोमीटर जवळजवळ जाणवतही नाहीत.

इंजिनातली सगळीच ठिकाणे अशी सुखात नसतात. पिस्टन वरच्या टोकाला पोचून क्षणभर थांबतो, तिथे वेग शून्य होतो आणि रिंगेखालचा थर विरळ पडतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवरही तेच. तिथे धातू वाचवते ती तेलात मिसळलेली जस्त आणि फॉस्फरसयुक्त रसायने. ती पृष्ठभागावर पातळ लेप धरतात आणि स्वतः झिजतात. म्हणजे अंतराची झीज खरी आहे, पण तेल ताजे असेल तर ती फार संथ असते. वेगाने होणारी झीज वेगळ्याच वेळी होते.

ती वेळ म्हणजे इंजिन सुरू झाल्यापासून पुरते तापेपर्यंतची. रात्रभर उभ्या गाडीतले तेल खाली उतरलेले असते. सेल्फ मारल्यावर दाब तयार व्हायला क्षणभर लागतो. त्याहून महत्त्वाचे असे की थंड सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट वाफ होत नाही, म्हणून इंजिन जादा पेट्रोल घेते, आणि त्यातले काही भिंतींवर तसेच ओले राहून तेलाचा थर धुऊन नेते. शिवाय १ लिटर पेट्रोल जळले की जवळपास १ लिटर पाणी तयार होते. तापलेल्या इंजिनात ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. थंड इंजिनात त्यातला थोडा भाग भिंतींवर दव धरतो, रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरतो आणि ज्वलनातल्या आम्लांना सोबत नेतो. सिलिंडर थंड ठेवून इंजिन चालवले तर झीज घासण्यापेक्षा गंजण्याने जास्त होते, हे ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स यांनी १९३० च्या दशकातच दाखवून दिले होते. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये गंधक भरपूर असे. आज बीएस-६ पेट्रोलमध्ये ते दहा लाखांत १० भागांपर्यंत उतरले आहे, त्यामुळे आम्लाचा जोर कमी झाला. पाणी मात्र तेवढेच तयार होते.

आता साधा हिशेब मांडू. एक गाडी घर, बाजार, शाळा, तहसील एवढीच फिरते. सरासरी फेरी ५ किलोमीटरची. ५० हजार किलोमीटर होईपर्यंत ती १० हजार वेळा सुरू होते, आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांत तेल पुरते तापायच्या आतच बंद होते. दुसरी गाडी साकोलीला राष्ट्रीय महामार्ग गाठून भंडारा-नागपूर करणारी, सरासरी फेरी ५० किलोमीटरची. २ लाख किलोमीटरला तिचे सेल्फ लागले ४ हजार वेळा. बाजार पहिलीला जास्त किंमत देतो. दुसरीचे इंजिन बरे असण्याची शक्यता मात्र जास्त. लाखांदूर गावाला रेल्वे स्थानक नाही, जवळचे स्थानक शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातले वडसा. मोठा दवाखाना, कॉलेज, खरेदी यांसाठी लांबचे रस्ते कापणे इथे अटळ आहे. म्हणून इथल्या बऱ्याच गाड्यांचे रनिंग फुगलेले दिसते, आणि नेमके तेच किलोमीटर सर्वांत कमी नुकसानीचे असतात.

यावर कोणी म्हणेल, विदर्भात कसली थंड गाडी? शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो. खरे आहे, पण इंजिनाच्या दृष्टीने ४५ अंश म्हणजेही थंडच. त्याला हवे असतात ९० च्या आसपास, आणि डिसेंबरच्या पहाटे तर इथला पारा १० अंशांच्या घरात असतो. उलट उन्हाळा वेगळेच नुकसान करतो. एसी लावून सावलीत तासभर उभी असलेली गाडी इंजिनाचा एक तास खर्च करते आणि ओडोमीटरवर शून्य दाखवते. तापमान दर १० अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडेशन साधारण दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम आहे. आणि रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरवेलचे पाणी ओतण्याची सवय तर फारच महागात पडते. क्षार आतल्या वाटांवर थर धरतात, ॲल्युमिनियम खाल्ले जाते. रेडिएटरचे झाकणही क्षुल्लक समजू नये. ते आत सुमारे १ बार जादा दाब धरून ठेवते, म्हणून उकळबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. झाकणाचे रबर सैल पडले की हा बचाव गेला, मग हेड गॅस्केट जाते, आणि इंजिन खोलावे लागते.

पण लाखांदूरचा खरा शत्रू धूळ आहे. इंजिन पेट्रोलच्या १४.७ पट वजनाची हवा घेते. लिटरला २० किलोमीटर देणारी गाडी १०० किलोमीटरमध्ये सुमारे ४५ हजार लिटर हवा ओढते. वैनगंगा आणि चुलबंदच्या खोऱ्यातला हा धानाचा तालुका. शेतातले पुंजणे मोडून मळणी सुरू झाली की बारव्हा, दिघोरी, विरलीच्या रस्त्यांवरच्या हवेत माती तर असतेच, शिवाय धानाचे बारीक भुसकटही असते. धानाच्या तुसात वजनाच्या १५ ते २० टक्के सिलिका असते, आणि मातीतला गारगोटीचा कण मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर ७ वर बसतो, म्हणजे सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण. तेलाच्या थराइतक्या जाडीचे कण सर्वांत घातक ठरतात. त्याहून मोठे फिल्टरमध्ये अडकतात, फार बारीक असतात ते थरातून तरंगत निघून जातात, पण मधल्या मापाचे दोन्ही धातूंना एकाच वेळी ओरखडतात. इथे किलोमीटरचा हिशेब पुरता कोसळतो. फाटक्या किंवा नीट न बसलेल्या एअर फिल्टरने मळणीच्या हंगामात झालेली काही हजार किलोमीटरची झीज, चांगल्या फिल्टरने लाखभर किलोमीटरमध्येही होत नाही. कॉम्प्रेसरने फिल्टर फुंकून परत बसवणे ही गॅरेजातली आवडती काटकसर. जोराच्या हवेने कागदाची छिद्रे मोठी होतात आणि कडेचे रबर सैल होते. काही शे रुपयांच्या वस्तूपायी काही दहा हजारांचे काम ओढवून घेण्याचा हा प्रकार आहे.

मग कंपन्या सर्व्हिसचे वेळापत्रक किलोमीटरमध्ये का देतात? कारण मालकाला तेवढे एकच मोजता येते. तरीही त्या वेळापत्रकाचे दुसरे अंग पाहावे. ‘१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ अशा धर्तीचे वाक्य बहुतेक पुस्तिकांत असते, आणि धूळ, छोट्या फेऱ्या, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणे यांसाठी अधिक कडक वेळापत्रकही. ते पान कोणी उघडत नाही. ‘गाडी चाललीच कुठे’ म्हणून दोन वर्षे तेल न बदलणारा मालक गाडीवर कृपा करत नसतो. काही गोष्टी तर निव्वळ दिनदर्शिकेने म्हाताऱ्या होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उकळबिंदू किमान २०५ अंश, तर ओल शोषलेल्याचा १४० पर्यंत उतरू शकतो. टायरचे रबर ऊन आणि ओझोनने कडक होते, मग नक्षी कितीही शाबूत असो. टायरच्या बाजूला छापलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तो कधी बनला ते सांगतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. कमी चाललेली गाडी घेताना ओडोमीटरआधी ते वाचावेत. मारुती ८०० आणि तिच्या ७९६ सीसी इंजिनावरच्या जुन्या अल्टोंचा टायमिंग बेल्टही रबराचाच. पुढच्या के-सीरिज इंजिनांत त्याजागी साखळी आली, पण साखळीला स्वच्छ तेलच लागते.

किलोमीटर कुठेच मोजू नयेत असे मी म्हणत नाही. क्लच, ब्रेक पॅड, टायरची नक्षी, चाकांची बेअरिंगे अंतरानेच संपतात. शॉकअप आणि खालचे बुश मात्र अंतरापेक्षा रस्त्याच्या प्रतीने. १९ व्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर दाखवले की धातूचा थकवा ताणाच्या आवर्तनांवर अवलंबून असतो आणि ताण थोडा वाढला तरी आयुष्य फार झपाट्याने घटते. पावसाळ्यानंतरच्या उखडलेल्या रस्त्यावरचा एक जोरदार खड्डा गुळगुळीत रस्त्यावरच्या कित्येक किलोमीटरना भारी पडतो तो यामुळेच.

अमेरिकेत अर्व गॉर्डन या विज्ञानशिक्षकाने १९६६ मध्ये घेतलेल्या व्होल्वो पी-१८०० ने २०१३ मध्ये ३० लाख मैल, म्हणजे ४८ लाख किलोमीटर ओलांडले. हा अपवाद आहे, असा आक्षेप लगेच येईल. अपवाद आहेच, आणि वाटेत इंजिनाची डागडुजीही झाली. पण अपवाद कशामुळे घडला ते पाहावे. नोकरीसाठी रोजचा सुमारे २०० किलोमीटरचा सलग प्रवास आणि वेळेवर तेल. गाडीत जादू नव्हती, वापरात होती.

याहून गंभीर आक्षेप प्रदूषणाचा. जुनी गाडी धूर जास्त सोडते, मग ती टिकवायची कशाला? तेल जाळणारी गाडी खरोखर टिकवू नये. तेलातला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करतो. पण नीट राखलेल्या गाडीचा कार्बनचा हिशेब वेगळा निघतो. नवी छोटी गाडी बनवताना ५ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो असे धरू. १ लिटर पेट्रोलमागे २.३ किलो, म्हणजे लिटरला २० किलोमीटर देणाऱ्या गाडीचे किलोमीटरमागे ११५ ग्रॅम. नवी गाडी इंधनात २० टक्के काटकसर करते असे मानले तरी हे ५ टन फिटायला २ लाख किलोमीटरहून अधिक धावावे लागेल. हा हिशेब कार्बनपुरताच. विषारी वायूंच्या बाबतीत बीएस-६ गाडी निर्विवाद सरस आहे. त्यात आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानुसार इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज त्यावर ६ ते ७ टक्के घटते. अशा गाड्यांचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील वरचेवर तपासायला हवेत. इथेनॉलसाठी तांदूळही वापरला जातो, तेव्हा धानाच्या तालुक्याने याची तक्रार किती करावी, हा वेगळाच प्रश्न.

सुरक्षिततेच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. एबीएस आपल्याकडे २०१९ मध्ये बंधनकारक झाले, पुढच्या दोन्ही सीटच्या एअरबॅगा सर्व कारना २०२२ च्या सुरुवातीपासून. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत अल्टो-८०० ला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. इंजिन कितीही उत्तम राखले तरी ही उणीव भरून निघत नाही. महामार्गावर नागपूरच्या फेऱ्या करणाऱ्या कुटुंबाने जुनी गाडी सोडण्याचे सबळ कारण शोधायचे तर ते इथे आहे, २ लाखांच्या आकड्यात नव्हे.

ज्याला जुनी गाडी घ्यायची वा ठेवायचीच आहे, त्याने आकडा सोडून इंजिनाकडे जावे. गाडी सकाळी थंड असताना पाहावी, विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असेल तर त्यामागचे कारण विचारावे. चालू इंजिनावर तेलाचे झाकण उघडून धूर जोराने येतो का, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत बॅक कंप्रेशन आहे का, ते बघावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कंप्रेशन मोजावे. एखाद्यात कमी आले तर प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांची फट बुजली. तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा. मग गाडी वर उचलून खालची पट्टी आणि शॉकअपच्या जागा गंजासाठी टोचून बघाव्यात. पंधरा वर्षांनी नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेताना भंडाऱ्याच्या, म्हणजे एमएच-३६ च्या, परिवहन कार्यालयात गाडी तपासणीसाठी न्यावी लागते. इंजिनाचे काम पैसे टाकून पुन्हा करता येते, पण गंजून पोकळ झालेला सांगाडा सहसा परवडण्याजोगा दुरुस्त होत नाही.