कॅमेरा घेऊन युरोपात जाताना

युरोप फिरून आलेल्या नातेवाइकांचे फोटो पाहायला बसले की पहिल्या दहा मिनिटांतच आयफेल टॉवर येतो. त्याच्यासमोर भाईजान, मग भाभीजान, मग दोघे, मग मुले. टॉवर सगळ्यांचा एकच आणि माणसे आपलीच. तिथल्या रस्त्यावरची माणसे मात्र कुणाच्याच फोटोत नसतात. गेल्या जूनमध्ये आम्ही चौघे अकोटहून पॅरिस आणि स्पेनला गेलो, तेव्हा आमच्या मुलीने आधीच सांगून ठेवले होते, "अब्बा, या वेळी रस्त्याचे फोटो काढायचे." पाव काखेत धरून घरी निघालेली म्हातारी, दुकानाचे शटर वर करणारा माणूस, बसची वाट पाहणारे कामगार, असे सगळे.

पहिला फरक जाणवला तो उन्हाचा. आपल्या वऱ्हाडात मे-जूनमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसते काळे खड्डे दिसतात. म्हणून अकोटात सकाळी नऊच्या आधी किंवा असरनंतरच फोटो काढावा. पॅरिसला जूनमध्येही सूर्य पासष्ट अंशांच्या वर चढत नाही, डिसेंबरात तर जेमतेम अठरा अंशांवर असतो. ऊन तिरपे पडते, सावल्या लांब असतात, दुपारीसुद्धा चेहरे उजळ येतात. जुहरची वेळ घड्याळात दोनच्या सुमारास, मगरिब रात्री दहाला, इशा मध्यरात्रीकडे. झोपेची तारांबळ उडते, पण कॅमेऱ्याला संध्याकाळचे सोनेरी ऊन तासन्‌तास मिळते.

याच पॅरिसमध्ये १८३८ साली लुई दागेर यांनी खिडकीतून बुलव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो काढला. प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटे लागत, त्यामुळे धावत्या घोडागाड्या आणि चालती माणसे उमटलीच नाहीत. गजबजलेला रस्ता फोटोत ओस पडला. कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस तेवढा जागेवर उभा होता, म्हणून तो आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला उमटले. माणूस दिसतो असा हा सर्वांत जुना ज्ञात फोटो मानतात. त्या दोघांना कुणी विचारले नव्हते, आणि त्यांची नावेही आज कुणाला ठाऊक नाहीत.

विचारावे की नाही, हा प्रश्न आमच्यापुढे तिसऱ्याच दिवशी उभा राहिला. मुलगी स्कार्फ बांधून पुलाच्या कठड्याशी उभी होती. एका अनोळखी पर्यटकाने चार पावलांवरून तिचा फोटो घेतला आणि तो पुढे निघाला. तिने त्याला थांबवून शांतपणे सांगितले की हा फोटो पुसून टाका. त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि तिच्यासमोरच फोटो पुसला. त्यानंतर ती स्वतः फोटो काढताना विचारू लागली. भाषा येत नसेल तर कॅमेरा किंचित वर करून नजरेने विचारायचे. मान हलली तर काढायचा, नाही तर हसून पुढे जायचे. तिच्या अम्मीचे म्हणणे होते की विचारले की माणूस ताठ होतो आणि फोटोतला जिवंतपणा जातो. हे खरेच आहे. पण दुसऱ्याच्या घरात शिरताना परवानगी घ्यावी हे कुरआनात वाचणाऱ्यांनी अनोळखी चेहऱ्याजवळ जाताना निदान थबकावे, असे आमचे मत आहे. शिवाय न विचारता काढता येणारे फोटोही खूप असतात. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९४८ मध्ये श्रीनगरच्या हरी पर्वतावर दुआ मागणाऱ्या स्त्रियांचा फोटो काढला. त्यातल्या बहुतेक आपल्याकडे पाठ करून उभ्या आहेत, समोर डोंगर आणि ढग. चेहरे न दाखवताही तो फोटो सारे सांगतो.

कायदाही देशागणिक वेगळा आहे. फ्रान्समध्ये रस्त्यावर फोटो काढायला सहसा आडकाठी नाही, पण ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो संमतीवाचून प्रसिद्ध केला तर तो न्यायालयात जाऊ शकतो. जर्मनीत अशा प्रसिद्धीवर १९०७ पासून बंधन आहे. गर्दी, मिरवणुका आणि देखाव्यात ओझरती आलेली माणसे यांना सूट आहे. हंगेरीत २०१४ पासून फोटो काढायलाच संमती लागते. आपण स्टेटसला फोटो टाकतो तीही प्रसिद्धीच, हे लक्षात ठेवावे. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढूच नयेत.

आपल्या भगिनींसाठी आणखी एक गोष्ट. फ्रान्समध्ये २०११ पासून सार्वजनिक जागी चेहरा झाकायला बंदी आहे, दंड १५० युरोपर्यंत. ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कमध्येही बंदी आहे. स्वित्झर्लंडमध्ये ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली असून दंड १,००० फ्रँकपर्यंत जाऊ शकतो. चेहरा उघडा ठेवणारा स्कार्फ रस्त्यावर बांधायला या कायद्यांची हरकत नाही. नकाब घेणाऱ्या घरांनी तिकिटे काढण्याआधीच हा विचार करावा.

स्पेनमध्ये कोर्दोबाच्या मशिदीत साडेआठशेहून अधिक खांब आहेत, वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. १२३६ मध्ये तिचे चर्च झाले. आत फोटो काढता येतात, नमाज पढता येत नाही. आम्ही तिथे बराच वेळ नुसते उभे होतो. फोटो फार थोडे काढले. पुढे ग्रॅनाडाला अल्‌हम्राच्या भिंतींवरची अरबी अक्षरे पाहताना मुलगी म्हणाली, "हे तर नरनाळ्याच्या दरवाजासारखे आहे." ग्रॅनाडाची मुस्लिम सत्ता १४९२ मध्ये संपली. आपल्या अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, बहमनी काळातला, त्यावरही सुंदर कोरीव अक्षरे आहेत. तिथे आजवर आम्ही डबे घेऊन गेलो, ग्रुप फोटो काढले आणि परत आलो. त्या अक्षरांचा एकही नीट फोटो आमच्याकडे नव्हता. युरोपातल्या दोन हजार फोटोंतून निवडून चाळीस छापून घेतले आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात सकाळच्या तिरप्या उन्हात शहानूरमार्गे नरनाळा गाठला.

कापसाच्या हंगामात मुलगी कॅमेरा घेऊन बाजारातही गेली. गाडीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला तिने विचारले, "काका, फोटो काढू का?" त्यांनी टोपी नीट केली, आणि मग भावाची वाट पाहत पुन्हा पहिल्यासारखे बसले. त्यांची प्रत छापून तयार आहे, पुढच्या बाजाराच्या दिवशी द्यायची आहे.